मौन सुटेपर्यंत

आंघोळ झाली की नैवेद्य दाखवेपर्यंत कौमुदी बोलत नसे. हा तिचा फार वर्षांचा नेम. दूधवाला, गॅसवाला, खालच्या मजल्यावरच्या अलमेलू मामी, सगळ्यांना तो ठाऊक होता. हो-नाही ती मानेनं सांगायची आणि घर चालायचं.

त्या दिवशी रेल्वेचे वेलफेअर इन्स्पेक्टर सुंदर चौकशीला दुपारी यायचे होते, ते सकाळीच आले. कौमुदी तेव्हा देवापुढे बसलेली.

कौमुदीचे वडील, अप्पा, रेल्वेच्या ऑफिसात होते. नोकरीत असतानाच गेले, म्हणून त्यांच्या मागे घरातल्या एकाला अनुकंपेवर नोकरी मिळायची होती. आईनं ऊर्मीचं नाव दिलं होतं. ऊर्मी धाकटी, घडाघडा तमिळ बोलणारी, पेरुंगुडीच्या कंपनीत काम केलेली. या नोकरीची आशा दिसताच ती तिथली सोडून मोकळी झाली. कौमुदीला कुणी विचारलं नाही. बी. कॉम. तीही होती. अप्पांचं पथ्य, औषधं, शेवटचं सगळं उठवणं-बसवणं तिनं केलं होतं. आणि अप्पा मात्र संध्याकाळ झाली की ऊर्मीची कंपनीची बस आली का, हेच विचारत राहायचे.

परवा ऊर्मीनं टी. नगरच्या बाजारातून ऑफिसला नेसायला सुती साड्या आणल्या. अजून कशात काही नाही, आणि ब्लाउज शिवायलासुद्धा टाकले. कौमुदीनं पोत बघून ‘छान आहेत’ म्हटलं. नंतर जपाला बसली तर देवाच्या जागी त्या साड्यांचे काठच दिसायला लागले.

सुंदरनी आईला विचारलं, ऊर्मीला विचारलं. मग देवघराच्या उंबऱ्याबाहेर थांबून त्यांनी अदबीनं कौमुदीला विचारलं, धाकट्या बहिणीला नोकरी द्यायला तुमची हरकत नाही ना?

नुसती मान हलवायची होती. कौमुदीनं डोळे मिटून घेतले.

“अक्का, मान तरी हलव की,” ऊर्मी म्हणाली.

कौमुदीच्या बोटाखालून एक मणी पुढे सरकला.

आईनं गडबडून मौनाचं सांगितलं. कौमुदीला वाटलं, साहेब वैतागतील, उत्तर मिळालं नाही असं लिहून निघून जातील. पण सुंदरची आईसुद्धा एकादशीला मौन धरायची. पूजेत घाई नको, मी बसतो, असं म्हणून ते खुर्चीत बसलेच.

एक माळ संपली. तिनं दुसरी सुरू केली, मग आणखी एक. बाहेर फिल्टर कॉफी झाली, ऊर्मीचं हसणं ऐकू यायला लागलं. ती अप्पांच्या डब्याची गोष्ट सांगत होती, डब्यातली एक पोळी ते रोज ऑफिसच्या मांजराला कशी घालायचे ती. ही गोष्ट अप्पांनी आपल्या एकटीलाच सांगितली असं कौमुदी आजवर समजत होती. डबा तीच भरायची, आणि त्या मांजरासाठी एक पोळी जास्तीची ठेवायची.

“आता तो डबा मी नेणार,” ऊर्मी म्हणाली. “अक्का देईल भरून.”

कौमुदीनं माळ गोमुखीत ठेवली, नैवेद्य दाखवला, पाणी फिरवलं आणि बाहेर आली.

“हरकत आहे,” ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा हळू, त्यामुळे सुंदरना पुन्हा विचारावं लागलं. “हरकत आहे. ही नोकरी मला हवी.”

ऊर्मी आधी हसली. मग तिचा चेहरा उतरला. “इतके महिने काय तोंड शिवलं होतंस?”

“मला विचारलं कुणी?”

“आणि तिथं साहेबांनी काही विचारलं तर? माळ ओढत बसणार?”

“पहाटे उठून उरकीन.”

सुंदरनी कॉफीचा टंबलर खाली ठेवला. घरातून एकच नाव यायला हवं, दोन नावं असली तर दोघींचंही अडेल, असं त्यांनी समजावलं आणि आईकडे वळले. “अम्मा, तुम्हीच सांगा.”

आईनं ऊर्मीकडे पाहिलं, मग कौमुदीकडे.

“कौमुदीचं लिहा,” ती म्हणाली. “ऊर्मीला काय, कुठंही मिळेल. हिला दुसरं कोण देणार?”

सुंदर लिहायला लागले. कौमुदीला हवं ते मिळालं होतं, आणि आईच्या त्या एवढ्याशा बोलण्यातसुद्धा ऊर्मीच वरचढ होती. नका लिहू, असं म्हणावंसं तिला वाटलं. आता मौन नव्हतं, तरी तोंडातून शब्द निघाला नाही.

ऊर्मी स्वयंपाकघरात गेली. फळीवरून अप्पांचा डबा काढून तिनं तो बहिणीपुढे ठेवला.

“घे अक्का. तुझा तूच भर. मांजराची पोळी तेवढी विसरू नकोस.”

कौमुदीनं मान हलवली.