बगळ्याची बारावी उशी

नॉर्मन गॅरेटने एकतीस वर्षं बस चालवली. त्या एकतीस वर्षांत रोज सहा वेळा त्याने कॅथीड्रलच्या दारात बस थांबवली, पण आत म्हणून कधी पाऊल टाकलं नाही. लोकांना उतरवायचं, चढवायचं, घड्याळ बघायचं आणि निघायचं. आता एक्याऐंशीव्या वर्षी तो त्याच थांब्यावर प्रवासी म्हणून उतरला, तोही मेहुणीचा हात धरून. ड्रायव्हरने बस फुटपाथपासून हातभर लांब उभी केली होती. नॉर्मनने मनातल्या मनात त्याचा उद्धार केला.

"जपून उतर," बेरिल म्हणाली. "सोमवारी बदलायचाय तो गुडघा. आजच मोडलास तर डॉक्टरांना काम काय उरणार?"

बेरिल त्याच्या बायकोची धाकटी बहीण. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, अंगाने काडी, पण तोंड असं की बाजारातला मासेवाला तिला बघितलं की आपणहून भाव उतरवायचा. नॉर्मनचा गुडघा बदलल्यावर तो चालू शकणार होता, जिने चढू शकणार होता. फक्त गुडघे टेकायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "तू कुठे प्रार्थनेला जातोस? तुझं काय अडतंय?" असं बेरिल तेव्हा म्हणाली होती. दोन दिवसांनी त्याने तिला फोन केला आणि शुक्रवारी कॅथीड्रलला येतेस का, म्हणून विचारलं. बेरिलने एकही प्रश्न न विचारता हो म्हटलं, आणि हे तिच्या आयुष्यात फार वेळा घडलेलं नव्हतं.

हेझल फेब्रुवारीत गेली. जायच्या आधी चार दिवस तिने नॉर्मनला सांगितलं होतं, "माझी उशी एकदा बघून ये. वाकता येतंय तोवर." तो हो म्हणाला होता. मग मार्च गेला, उन्हाळा गेला, बागेतल्या वालाच्या शेंगा निघाल्या, आणि नॉर्मन रोज काही ना काही निमित्त काढून घरी बसला. खरं म्हणजे तो भीत होता. हेझल आपली समजूत घालायला तसं म्हणाली असेल, उशी तिथे नसेल, याची त्याला खात्रीच होती, आणि ती का नसेल हेही त्याला ठाऊक होतं.

गोष्ट अडुसष्ट सालची. कॅथीड्रलमध्ये गुडघे टेकायला नव्या उशा हव्या होत्या आणि जिल्ह्यातल्या गावोगावच्या बायका त्या भरायला बसल्या होत्या. मागची जमीन सगळ्यांची निळी, मध्ये ज्या-त्या गावाचं चिन्ह. नॉर्मनचं गाव पाणथळीतलं, म्हणून त्यांच्या वाट्याला बगळा आला. बारा बायका, बारा बगळे. वर देखरेखीला मिस लँगटन. टाका खाली डावीकडून वर उजवीकडेच झुकला पाहिजे, हा त्यांचा नियम. त्या उशी उलटी करून नाकाशी धरायच्या आणि एक टाका जरी वाकडा दिसला तरी "उसवा" एवढंच म्हणून परत द्यायच्या. बायका त्यांना मागून उसवाबाई म्हणायच्या.

हेझलची उशी होत आली होती. एका कोपऱ्यातली चार बोटं निळी जमीन तेवढी राहिली होती. आणि तेवढ्यात तिचे पाय सुजले. पहिलंच बाळंतपण, डॉक्टरांनी सहा आठवडे इस्पितळात झोपवून ठेवलं. ती तिथे पडल्या पडल्या रडायची. स्वतःसाठी नाही, त्या चार बोटांसाठी. बाकीच्या अकरा जणी वेळेवर देणार आणि आपलीच राहणार.

नॉर्मनला तिचं रडणं बघवेना. त्याने भरतकामाची पिशवी तिकिटांच्या पेटीखाली दडवून बसमध्ये नेली. शेवटच्या थांब्यावर गाडी वीस मिनिटं उभी असायची. तिथे पलीकडे बीटाची शेतं, अलीकडे कालवा, माणूस नावाला नाही. मागच्या बाकावर बसून तो टाके घालायचा. डेपोत कुणाला कळलं असतं तर रिटायर होईपर्यंत त्यांनी त्याला सुखाने जगू दिलं नसतं. पाच आठवड्यांत कोपरा भरला. पिशवी होती तिथे ठेवून दिली आणि तो कुणाशीच काही बोलला नाही.

हेझल लहानग्या जॅनेटला घेऊन घरी आली. उशी द्यायच्या दिवशी तिने ती खिडकीपाशी टेबलावर ठेवली होती. लख्ख उजेडात नॉर्मनने ती बघितली आणि त्याला आपली चूक दिसली. नॉर्मन डावरा होता. सगळी निळी जमीन एका अंगाला झुकलेली आणि त्याचा कोपरा बरोबर उलट अंगाला. शेतातला गहू वाऱ्याने एका कोपऱ्यात भलतीकडे वाकवावा, तसं ते दिसत होतं. तो काही बोलणार इतक्यात हेझलने उशी उचलली आणि ती गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"काय झालं?"

"काही नाही. भूक लागलीय मला."

त्यानंतर हेझल त्या बायकांत कधी गेली नाही. सुया, लोकर, चौकट, सगळं तिने बेरिलला देऊन टाकलं. नॉर्मनला काय समजायचं ते समजलं. आपल्या हाताने तिची उशी वाया गेली, आणि आपल्याला वाईट वाटू नये म्हणून ती पचवून गप्प बसली. विचारायचं तर आधी कबूल करावं लागलं असतं. म्हणून त्याने पन्नासच्या वर वर्षं विचारलं नाही.

ती मात्र खरेदीला या थांब्यावर उतरली, की ड्रायव्हरच्या काचेवर टकटक करून म्हणायची, "आत तुझी जागा आहे बरं का." नॉर्मनला वाटायचं, बाई आपल्याला प्रार्थनेला ओढायला बघतेय. "माझी जागा स्टिअरिंगमागे," तो म्हणायचा. रोजचे प्रवासी हसायचे. तीही हसायची, आणि बाजाराकडे चालू लागायची.

आत गारवा होता. वर कुणीतरी ऑर्गनचा सूर जुळवत होतं, एकच सूर पुन्हा पुन्हा. खुर्च्यांच्या रांगा लांबवर गेल्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीच्या पाठीला आकड्यावर टांगलेली एक उशी.

"अग बाई," बेरिल म्हणाली. "हे बघत बसलो तर नाताळ उजाडेल."

बगळे उत्तरेकडच्या भिंतीशी सापडले. बेरिल एकेक उशी काढून उलटी करू लागली, कारण उशीच्या बुडाशी प्रत्येकीने आपली एक छोटी खूण घातलेली असायची. नाव घालायची परवानगी नव्हती.

"बेडूक. म्हणजे मार्जरी. नवरा तस्साच होता तिचा. सायकल, ही आयव्ही. हा पाइप कुणाचा देव जाणे. आपल्या हेझलची लाल किटली होती ना?"

"हो," नॉर्मन म्हणाला.

अकरा बगळे झाले. लाल किटली नव्हती. बेरिलने पुन्हा एकदा पहिल्यापासून मोजले. अकराच.

नॉर्मन जवळच्या खुर्चीत बसला. बेरिलने पर्समधून पेपरमिंटची गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली. ती त्याने तोंडात टाकली नाही, नुसती मुठीत धरली.

"माझ्यामुळे गेली ती," तो म्हणाला. "शेवटचा कोपरा मी भरला होता, बेरिल. ती इस्पितळात होती तेव्हा. उलटा भरला गेला. त्यांनी टाकून दिली असणार, आणि ती मला जन्मभर एका शब्दाने बोलली नाही."

बेरिल त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग होता की हसू, ते त्याला कळेना.

"ऊठ," ती म्हणाली.

"कशाला आता?"

"ऊठ म्हणते ना. इतकी वर्षं बसून राहिलास तेवढं पुरे."

लाल पट्टा घातलेले एक गृहस्थ खांबापाशी लोकांना माहिती देत होते. बेरिल सरळ मध्ये घुसली. "अहो, बगळ्याच्या उशा बारा हव्यात. तुमच्याकडे अकराच आहेत."

"बारावी बाजूच्या चॅपेलमध्ये, प्रार्थनेच्या लहान खोलीत असते," ते म्हणाले. "आजाऱ्यांसाठी मेणबत्त्या लावतात तिथे. अहो, आम्ही कितीदा उचलून जागेवर आणून लावतो, पण लोक तीच घेऊन जातात. गच्च भरलेली आहे, गुडघ्याला बरी वाटते म्हणतात."

चॅपेलमध्ये कुणी नव्हतं. सहा-सात मेणबत्त्या जळत होत्या आणि त्यांच्यापुढे जमिनीवर ती उशी पडलेली होती. बगळ्याची चोच झिजून पांढरी पडली होती. निळी जमीन मध्ये विरली होती, इतके गुडघे तिच्यावर टेकले गेले होते. एकच कोपरा जसाच्या तसा होता. दोर आवळावा तसा आवळून घातलेला, आणि उलटीकडे झुकलेला.

नॉर्मन बघतच राहिला. "घेतली होती त्यांनी."

"आता उलटी कर."

"वाकता येत नाही मला."

"मग मी कोण इथे, शोभेची बाहुली?" बेरिलने उशी उचलून त्याच्या हातात दिली.

बुडाशी लाल किटली होती. आणि किटलीला खेटून, नखाएवढी, हिरव्या लोकरीची एक बस. चार खिडक्या, दोन चाकं, पुढे पिवळा दिवा. हिचे टाके उजवीकडे झुकलेले होते. हेझलचे.

नॉर्मनने तिच्यावरून अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला.

"उसवाबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, हा कोपरा उसवा," बेरिल म्हणाली. "हेझल म्हणाली, एक टाका उसवणार नाही. कोपऱ्यासकट घ्या, नाहीतर उशी मी घरी नेते. असली जुंपली दोघींची. बाई शेवटी म्हणाल्या, उशी ठेवा, पण पुन्हा इथे येऊ नका. रागाने रडत घरी आली ती. मला शपथ घातली होती, तुला सांगायचं नाही म्हणून."

"पण मला का नाही सांगितलं?"

"मी विचारलं तर तो लाजेल, म्हणायची. तो आपणहून सांगेल. वाट बघत होती, नॉर्मन. गप्प बसण्यात तू तर तिच्या वरताण."

आत तुझी जागा आहे बरं का. काचेवरची ती टकटक त्याला आत्ता, या मिनिटाला झाल्यासारखी ऐकू आली. किती वेळा म्हणाली असेल ती. हजार वेळा. आणि तो प्रत्येक वेळी गिअर टाकून निघून गेला होता. त्याला स्वतःचा राग आला, आणि तिची अशी आठवण आली की मेणबत्त्या दिसेनाशा झाल्या.

त्याने उशी पुन्हा जमिनीवर ठेवायला बेरिलकडे दिली. मग खुर्चीची पाठ धरली आणि खाली वाकू लागला.

"अरे, काय करतोस? उठवणार कोण तुला?"

"तू आहेस. तो लाल पट्ट्यातला गृहस्थ आहे."

"आणि गुडघा?"

"सोमवारपर्यंत माझाच आहे."

त्याला टेकायला बराच वेळ लागला. बेरिलने काखेत हात घालून त्याला धरला होता आणि तोंडाने काहीबाही पुटपुटत होती. गुडघे टेकल्यावर तो थोडा सरकला, आपल्या कोपऱ्यावर आला, आणि बाजूची अर्धी उशी त्याने मोकळी सोडली. वर ऑर्गनचा सूर थांबला होता. प्रार्थना कशी करतात ते त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसा तो हळू आवाजात बोलला.

"हेझल, तो कोपरा मी भरला होता." जरा थांबून तो म्हणाला, "डेपोत कुणाला बोलू नकोस."