खाडीच्या रंगाची खोली

इमामबीनं घर ओळखायचं सोडलं होतं, रस्ता सोडला होता, जेवण झालं की नाही हे आठवायचंही सोडलं होतं. लेकाला मात्र ती ओळखत होती. तेवढ्या एका गोष्टीवर बाबालाल तग धरून होता.

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीतून तो संध्याकाळी कोल्हापुरातल्या सदर बाजारातल्या घरी यायचा, तेव्हा म्हातारी काखेत गाठोडं मारून उंबऱ्यावर बसलेली असायची. गाठोड्यात एक साडी, एक पितळी वाटी, कधी सुनेचं लाटणंसुद्धा.

"बाबू, आलास? चल, मला घरला सोड."

"अम्मा, ह्येच की आपलं घर."

"ह्ये न्हवं. पाण्याकाठचं."

पाण्याकाठचं घर म्हणजे तिचं माहेर, जैतापूरच्या खाडीवरचं. तिथून लग्न करून ती घाट चढून आली. बाबालाल रांगत असतानाच नवरा गेला. डोक्यावर सुक्या मासळीची पाटी घेऊन गल्लोगल्ली ओरडत तिनं एकटीनं पोर वाढवलं. माहेरी आता कुणी उरलं नव्हतं. भाऊ वारला, घर पडलं, जागेवर कुणाचं तरी हॉटेल उभं राहिलं. एकदा बाबालाल तिला गाडी करून तिथवर घेऊन गेला. तिनं हॉटेलाकडं बघितलं आणि म्हणाली, "बाबू, रस्ता चुकला रं."

डॉक्टर म्हणाले, ओळखीचं काहीतरी भोवती ठेवा. बाबालालची बायको सबिना मोबाईलवर समुद्रकाठच्या घरांचे फोटो बघत होती. ती म्हणाली, "अवं, घर आणता येत न्हाई, पर रंग तर आणता येतील की. अम्माची खोली तसली करूया."

बाबालालनं दुकानातून रंगांचं कार्ड आणून आईच्या मांडीवर पसरलं. समुद्र म्हणजे निळा, असं त्याला वाटायचं. त्यानं निळ्यावर बोट ठेवलं.

इमामबी हसली. "ह्ये तर आभाळ हाय खुळ्या. खाडीचं पाणी असलं असतंय व्हय?" तिचं सुरकुतलेलं बोट कार्डावरून फिरत राहिलं आणि राखाडी-हिरव्या, मातकट अशा एका चौकोनावर थांबलं. "ह्ये. भरती चढताना चिखल वर येतोय, तवा असं दिसतंय."

त्यानंतरचे दिवस फार सुखाचे गेले. रंगारी आकाराम भिंतीवर एकेक पट्टा मारून दाखवायचा आणि म्हातारी खुर्चीवर बसून मान हलवायची. खालच्या पट्ट्याला जांभ्या दगडाचा तांबूस रंग. वरती चुन्याचा पांढरा, त्यात नीळ पडल्यासारखी झाक. खिडक्यांसाठी तिनं गडद हिरवा मागितला, कारण तिचे बाबा होडीला लावून उरलेला रंग खिडक्यांना फासायचे. हे सगळं बाबालाल पहिल्यांदाच ऐकत होता. पाटी वाहणाऱ्या आईला माहेरचं सांगायला कधी सवडच मिळाली नव्हती. कामावरून तो पळतच घरी यायचा. ती बोलता बोलता माहेरच्या बोलीत "काय गो" म्हणायला लागली, तर सबिना आणि तो एकमेकांकडं बघून हसायचे.

काम संपलं, वास गेला, आणि सबिनानं सासूला नव्या खोलीत नेलं. दुपारीच तिचा फाउंड्रीत फोन आला. "अवं, अम्मानं भिंतीला हात लावला आणि गाठोडं सोडलं! घरला जायाचं म्हणून एकदा पण म्हणाली न्हाई!"

बाबालाल येताना जिलेबी घेऊन आला. चपला काढल्या न काढल्या, तसाच खोलीत शिरला.

इमामबीनं झटकन डोक्यावरून पदर ओढला आणि भिंतीकडं तोंड फिरवून सबिनाला म्हणाली, "भाभी गो, ह्यो परका पुरुष कोण? बाबा घरात नाय. तेका भायेर बसव."

"अम्मा, मी हाय. बाबू."

ती आणखीनच आक्रसली. लहान पोरीसारखी मुसमुसून रडायला लागली. सबिनानं नवऱ्याचा दंड धरून त्याला बाहेर आणलं.

तो जिलेबीचा पुडा हातात घेऊन पायरीवर बसून राहिला. हळूहळू त्याला उमगलं. अम्मा खरंच घरी पोचली होती. त्या घरात अजून तिचं लग्न व्हायचं होतं, आणि त्याचा जन्मही.

"परत पांढरा मारूया," सबिना रडत म्हणाली. "मीच खुळ्यागत सुचवलं."

आकारामही आला, म्हणाला, "एका दिवसात करतो बघा." बाबालालनं दारातून आत डोकावलं. म्हातारी खिडकीखाली शांत झोपली होती. किती तरी महिन्यांत ती अशी झोपली नव्हती.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

"आणि तुमी?"

"मी पावणा म्हणून जाईन की."

तसा तो रोज जाऊ लागला. दाराबाहेर खाकरायचा, आत न जाता चौकटीशी बसायचा. आधी ती सबिनाकरवी पाणी पाठवायची, मग हळूहळू स्वतःच बोलायला लागली. पुढं पावसाळ्यात ती गेली. तोवर एकदाही तिनं त्याला नावानं हाक मारली नाही. मयतीला आलेल्या लोकांनी समजूत घातली, शेवटपर्यंत लेकानं केलं म्हणाले.

पण मरणाआधीच्या एका संध्याकाळचं त्यानं फक्त सबिनाला सांगितलं.

त्या दिवशी इमामबी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. "पावण्यांनू, तुमी खयचे?"

"कोल्हापूरचा."

ती दचकली. मग हळूच म्हणाली, "बाबा माजी सोयरीक थयच जमवतत. थय दर्या नाय ना?"

"न्हाई. नदी हाय."

"माणसां कशी हत?"

"तोंडानं फटकळ. मनानं चांगली."

तिनं बोटावरचा पदर सोडला, पुन्हा गुंडाळला. "मग... जाऊ काय मी?"

बाबालालच्या डोळ्यांसमोर सगळं उभं राहिलं. कोवळ्या वयातलं रंडकेपण, पाटीच्या चुंबळीनं विरळ झालेले केस, उन्हात भेगाळलेल्या टाचा. 'जाऊ नगं' हे शब्द अगदी ओठांवर आले. समोरची पोर त्याच्या तोंडाकडं बघत थांबली होती, मोठ्या माणसाला विचारावं तशी.

"या," तो म्हणाला. "तितं तुमचं माणूस हाय. लई जीव लावंल तुमास्नी."

इमामबी तोंडावर हात धरून लाजून हसली. बाबालाल उठला, स्वयंपाकघरात गेला आणि सबिनाला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून रडला.