नाळेचं दुसरं टोक

खरं तर हे मी सांगायचं नव्हतं. पोटातली गोष्ट पोटातच ठेवायची, ही आमची रीत. पण बाळ आत्ताच बाहेर गेलंय आणि सगळे त्याच्याकडे बघताहेत. तेवढा वेळ मला आहे.

मी वार बोलतेय. सोमवार-मंगळवारातली नव्हे, आईच्या पोटात बाळाला पोसते, ती. लोक उठसूट 'नाळ जुळली' म्हणतात, पण नाळेच्या दुसऱ्या टोकाला कोण असतं, हे कुणी विचारत नाही.

ज्या एका पेशीतून बाळ झालं, तिच्यातूनच मीही झाले. माझ्या एका अंगाला आईचं रक्त, दुसऱ्या अंगाला बाळाचं, मध्ये माझी पातळ भिंत. शेजारणी भिंतीवरून वाटी देतात, पण एकमेकींच्या घरात शिरत नाहीत, तसं.

बाळाचं नाक कुणाच्या वळणावर जाणार, यावरून बाहेर आत्या आणि मावशीचं जुंपायचं. मावशी म्हणायची, तुमच्या घरचं नाक आलं तर टोपडं मोठं शिवावं लागेल. माझ्या आतही तेच चाललेलं. बापाकडची काही जनुकं म्हणत, पसर, आणखी घे. आईकडची म्हणत, पुरे, तिलाही उरू दे. दोन्हीकडचं ऐकत मी रक्तवाहिन्या वाढवायची.

मग एका तपासणीत डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावर पुन्हा पुन्हा मोजमाप घेतलं. वारेतून रक्त कमी पोचतंय, बाळ अंगाने भरत नाही, म्हणाल्या. पुढच्या वेळीही असंच दिसलं, तर दिवस भरायच्या आधीच त्याला बाहेर काढावं लागणार होतं.

घरी येऊन आईने शिवणयंत्र झाकलं आणि पोटावर हात ठेवला. "घे रे बाळा, हवं तेवढं घे. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

तोंडाने ती असं म्हणत होती, आणि तिचीच जनुकं मला अडवत होती. मी ऐकायचं कुणाचं? तेवढ्यात प्राणवायूच्या टंचाईनेच माझ्यातलं एक झोपलेलं जनुक जागं झालं. त्याचा हुकूम साधा होता: फाटे फोड.

एरवी फाटे फोडणाऱ्याला लोक नावं ठेवतात. मी मात्र एकेका वाहिनीला बारीक बारीक फाटे फोडत गेले. आईला न ओरबाडता बाळाला पुरेसं मिळू लागलं.

पुढच्या तपासणीत डॉक्टरबाईंनी पडदा आईकडे वळवला. "वारेने मनावर घेतलेलं दिसतंय."

माझं नाव घेऊन झालेलं ते पहिलं कौतुक. बाळ दिवस पूर्ण भरेपर्यंत माझ्यापाशी राहिलं.

आत्ता ते खणखणीत रडतंय. नाळ कापून झाली. आई दमलीये, पण हसतेय. दाराबाहेर नाकाची चौकशी सुरू आहे.

"बाळ छान आहे हं," डॉक्टरबाई आईला सांगताहेत. "आता जरा जोर लाव, वार येऊ दे."

आले, आले. जाता जाता एवढंच सांगते, बेंबीवर बोट ठेवाल तेव्हा नुसती नाळ आठवू नका, तिच्या त्या टोकाला मी—