देवमन मास्तर परवानगी आणायला गेले

गाणं ऐन रंगात आलं असताना देवमन मास्तरांनी पेटीच्या भात्यावरचा हात काढला. पेटी उसासली आणि गप्प झाली. आम्ही दोन-चार शब्द तसेच पुढे रेटले आणि थांबलो. शेषरावची ढोलकी तेवढी सगळ्यांच्या मागून एकटीच वाजत राहिली, आणि मग तीही ओशाळून थांबली.

नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात, क्षयाच्या बायकांच्या वॉर्डाबाहेर, आम्ही व्हरांड्यात उभे होतो. आत जायचं नाही, दारातूनच काय ते म्हणा, असं सिस्टरनं बजावलं होतं. एकसष्ट सालचा नाताळ नुकताच झाला होता आणि अकोल्याच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीचा तरुण संघ गीतसेवेसाठी नागपूरला आला होता. सकाळी वॉर्डावॉर्डांतून गाणी म्हणायची आणि दुपारी हाताला पडेल ती सेवा करायची. म्हाताऱ्या बायकांचे केस विंचरायचे, पाणी पाजायचं, पट्ट्यांचे कपडे धुवायचे. आमच्यापैकी बहुतेकांनी नागपूर पहिल्यांदाच पाहिलं होतं, त्यामुळे सेवेचा उत्साह काही विचारू नका.

मास्तर का थांबले ते मला लगेच कळलं, कारण त्यांनी ऐकलं तेच मीही ऐकलं होतं. आतल्या कुठल्याशा खाटेवरून कुणीतरी आमच्याबरोबर गात होतं. नुसतं गात नव्हतं, वरच्या सुरातली साथ करत होतं. ती साथ मास्तरांनी स्वतः बसवलेली. आमच्या मंडळीबाहेर ती कुणाला ठाऊक नव्हती, आणि मंडळीतही एकच मुलगी ती म्हणायची. ती मुलगी गाव सोडून गेल्यापासून ती जागा तशीच रिकामी ठेवून आम्ही गाणं पुरं करत असू.

"मास्तर, यमीमा हाय," मी म्हणाले.

"पेटी उचला," मास्तर म्हणाले. "फुडच्या वॉर्डात चला."

आतून "बाबा" अशी हाक आली. हाक मोठी नव्हती, पण व्हरांड्यात सगळ्यांना ऐकू गेली. मास्तर तोवर जिना उतरायला लागले होते. यमीमा ही त्यांची एकुलती एक मुलगी.

देवमन मास्तर वाईट होते असं मी म्हणणार नाही. वाईट माणसाचा राग करून मोकळं तरी होता येतं. मिशनच्या शाळेत ते तिसरीला शिकवायचे आणि रविवारी देवळात पेटीवर बसायचे, एवढंच त्यांचं आयुष्य. पण त्या एवढ्याशा आयुष्यात त्यांनी नियमांची अशी काही दाटी करून ठेवली होती, की त्यातून वाट काढताना त्यांचा स्वतःचाच जीव मेटाकुटीला यायचा. तालमीला उशीर झाला की बाहेर पायरीवर उभं राहायचं, तालीम संपेपर्यंत. एकदा उपासनेत मंडळीच्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनीच चाल चुकवली, तर मास्तरांनी पेटी थांबवली आणि भर मंडळीत पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावलं. पाळकसाहेब हसले. मास्तर हसले नाहीत.

देवळाची पेटी दुरुस्त करायला दर नाताळाआधी अमरावतीहून बशीर यायचा. देवळाच्या पायरीवर फडकं पसरून तो पेटीचे सूर एकेक करून लावत बसे, आणि यमीमा त्याला हवी ती पट्टी दाबून धरायची. यात काही वावगं आहे असं मास्तरांना कधी वाटलं नाही, कारण पेटी सुरात येत होती. मग एका वर्षी यमीमा अमरावतीला मैत्रिणीकडे म्हणून गेली आणि तिथं तिनं बशीरशी नोंदणी लग्न केलं. तिनं धर्म सोडला नाही, त्यानंही सोडला नाही. दोघं नागपूरला राहायला गेली.

आमच्यात अशा वेळी माणसाचं नाव मंडळीतून कमी करत. मग प्रभुभोजन, म्हणजे देवळातली भाकर नि द्राक्षरस, बंद, गायकांत उभं राहणं बंद, आणि मेल्यावर मंडळी मातीलाही येत नसे. परत यायचं असेल तर मंडळीपुढे उभं राहून क्षमा मागायची. पाळकसाहेब सगळ्यांना विचारत, आणि मंडळी एका आवाजात "क्षमा आहे" म्हणे. यमीमाचा विषय निघाला तेव्हा पंच माना खाली घालून बसले होते, म्हणतात. नाव कमी करायच्या बाजूनं पहिला हात मास्तरांनी वर केला. आपल्या घरासाठी त्यांनी नियम वाकवला, असं कुणी म्हणायला नको होतं त्यांना.

त्या दिवसापासून त्यांची बायको, भागीरथाबाई, त्यांना वेळेवर वाढत होती, त्यांचे कपडे धूत होती, आणि त्यांच्याशी एक शब्द बोलत नव्हती.

दुपारी आम्ही उतरलो होतो त्या शाळेत बशीर आला. मी त्याला ओळखलंच नाही. त्याच्या दाढीत पांढरे केस आले होते आणि सदरा अंगावर लोंबत होता.

"सलाम, मास्तरसाब."

"सलाम," मास्तर म्हणाले. सलाम नाकारण्याइतके ते कोते नव्हते.

"डाक्टर म्हनते, आता जास्त दिवस नाई तिचे." बशीर उभाच होता. "ती काई मोठं मागून नाई राहिली. एक डाव तुमच्यासंगं तिले गाऊ द्या. अन् ती गेली का तिच्या लोकायत तिले माती भेटू द्या, तुमच्या गान्यानं. मी आडवा येनार नाई, खुदाकसम."

मास्तरांनी गळ्यातला गळपट्टा सारखा केला. मग म्हणाले, "तिनं क्षमा मागा लागते."

"मागते ना. आत्ताच चला, मागते म्हनते ती."

"तशी नाई मागता येत. मंडळीपुढं मागा लागते."

"मंग हे कोन हायेत?" बशीरनं आमच्याकडे हात केला.

"हे गानारे पोट्टे हायेत. मंडळी अकोल्याले हाय. पाळकसाहेबायनं हो म्हनल्याबिगर मले काई करता येत नाई."

मला राहवलं नाही. "मास्तर, तुमी बाप हा तिचे."

"म्हनूनच तं, सुंदरा," ते म्हणाले. "दुसऱ्या कोनाची पोरगी असती तं मी गेलोबी असतो एखांद्या वेळी."

हे ऐकून मला जो संताप आला, तो मी म्हातारी झाले तरी पुरता गेलेला नाही. पण त्याच वेळी मास्तर खुंटीवरचा कोट काढून अंगात घालत होते आणि त्यांना बटणं लावता येत नव्हती. वरचं बटण खालच्या काजात जात होतं.

"संध्याकाळच्या गाडीनं मी अकोल्याले जातो," ते म्हणाले. "पाळकसाहेबायची परवानगी घेऊन येतो. मी येईपर्यंत कोनी तिकडं जायचं नाई. कोनी काई म्हनायचं नाई."

"गाडीले टाइम हाय," बशीर म्हणाला. "दवाखाना रस्त्यातच हाय, मास्तरसाब. एक डाव तोंड दाखवून जा तिले."

"रिकाम्या हातानं जाऊन तिले काय सांगू?" मास्तर म्हणाले. "परवानगी घेऊनच येतो ना मी."

आणि ते निघाले. फाटकाबाहेर पडल्यावर ते चक्क पळायला लागले. कोटाची टोकं उडत होती, गळपट्टा खांद्यावरून घसरत होता. मास्तरांना पळताना आम्ही कधी पाहिलं नव्हतं. बशीर त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिला आणि मग दवाखान्याच्या रस्त्याला लागला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुसऱ्याच वॉर्डांतून गायलो आणि गाड्यांची वाट पाहिली. मास्तर आले नाहीत. नंतर कळलं, की पाळक खुशालराव दर्यापूरकडच्या खेड्यांत दौऱ्यावर होते. मास्तर मोटारीनं त्यांच्या मागावर गेले. एका गावी पोचले की कळायचं, साहेब सकाळीच पुढच्या गावी गेले. इतका हिंडला तो माणूस; तेवढा वेळ यमीमाच्या खाटेपाशी नुसता बसला असता तरी चाललं असतं.

त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी बशीर फाटकाशी येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"आज," एवढंच म्हणाला.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "मास्तरायनं सांगून ठेवलं हाय," शेषराव पुटपुटला. तो सगळ्यांत भित्रा होता आणि मास्तरांचा सगळ्यांत लाडका.

"मंग तू थांब," मी म्हणाले. "ढोलकी दे इकडं."

त्यानं ढोलकी दिली नाही. गळ्यात अडकवली आणि आमच्या पुढे चालू लागला.

सिस्टरनं बशीरचं तोंड पाहिलं आणि आम्हाला आत सोडलं. यमीमा उशांना टेकून बसली होती. माझ्याहून ती थोडीच मोठी, पण खाटेवर जे उरलं होतं त्याला वय नव्हतं. लांबसडक केस कापून टाकलेले. तिनं आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली, मग आमच्या मागं दाराकडे पाहिलं.

"बाबा?"

"परवानगी आनाले गेले," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार होते?

ती हसली. हसण्याचा खोकला झाला. बशीरनं तिचं तोंड पुसलं. "आनतीन," ती म्हणाली. "आनल्याबिगर राहनार नाईत." त्या बोलण्यात राग नव्हता, उलट थोडं कौतुकच होतं. मला ते सहन झालं नाही.

"मले उभं करा," ती म्हणाली.

"पडशीन वं."

"बसून नाई मागत कोनी."

एका बाजूनं बशीरनं आणि दुसऱ्या बाजूनं मी, असं आम्ही तिला उभं केलं. तिला वजन असं नव्हतंच. तिनं खाटेच्या दांडीवर हात ठेवला. "मले क्षमा करा," ती म्हणाली आणि बशीरकडे पाहिलं. "याच्यासंगं लगन केलं म्हनून नाई मागून राहिली. कोनाले न सांगता गेली, मायले फसवून गेली, त्याची मागून राहिली."

आता विचारायचं कुणी? पाळक नव्हते, पंच नव्हते, मास्तर नव्हते. मीच विचारलं. "मंडळी, हिला क्षमा आहे का?" "क्षमा आहे," सगळे म्हणाले, आणि सगळ्यांत मोठ्यानं शेषराव म्हणाला.

मग आम्ही तेच गाणं घेतलं, जे मास्तरांनी थांबवलं होतं. पेटी शाळेतच राहिली होती. पहिली ओळ यमीमानं वरच्या सुरात आमच्याबरोबर म्हटली. ती ओळ इतकी बारीक होती, की तिच्यासाठी आम्ही सगळ्यांनी आपापले आवाज खाली आणले. दुसऱ्या ओळीपासून तिचे नुसते ओठ हलत होते. दुपारी जेवणाची गाडी वॉर्डात आली तोवर ती गेली होती.

मातीचं काय करायचं, असं दवाखान्यातल्या लोकांनी बशीरला विचारलं. "तिचे बाबा येऊ द्या," तो म्हणाला.

मास्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आले. आम्ही दवाखान्याच्या मागच्या बाजूला, जिथं मेलेली माणसं ठेवतात त्या खोलीबाहेर बसलो होतो. वॉर्डातून त्यांना इकडे पाठवलं, पण का पाठवलं ते कुणी सांगितलं नसावं. दुरूनच मी दिसले तसे ते झपझप पावलं टाकत आले. त्यांच्या मागं पाळकसाहेब होते आणि भागीरथाबाई होत्या. येताना अकोल्याला उतरून मास्तरांनी त्यांना घेतलं, एवढं तरी केलं होतं.

"सुंदरा, भेटली!" ते लांबूनच ओरडले. "परवानगी भेटली!"

ते हसत होते. मास्तरांचं हसू मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

भागीरथाबाईंना माझ्याकडे पाहूनच कळलं. त्यांनी पदर तोंडात धरला आणि जिथं होत्या तिथंच खाली बसल्या.

"कवा?" मास्तरांनी विचारलं.

"काल."

ते उभे राहिले. गळपट्टा काढला, घडी केली, पुन्हा गळ्यात घातला. मग म्हणाले, "तुमी गेल्ते?"

"हाव."

"क्षमा कोनं इचारली?"

"मी." आता ते ओरडतील असं मला वाटलं, आणि ओरडावं अशी माझी इच्छाच होती. मी तयारच होते.

"वरचं म्हनलं का तिनं?"

"हाव."

"पुरं?"

"एक ओळ."

त्यांनी मान हलवली, वर्गात एखाद्या पोरानं बरोबर उत्तर दिल्यावर हलवायचे तशी. पाळकसाहेब माझ्याजवळ आले. खालच्या आवाजात बोलले, पण मास्तर दूर नव्हते. "मले भेटला तवा मी त्याले म्हनलं, देवमन, हे इचाराले तू इतका हिंडला? त्या दिवशी तू हात वर केला नसता, तं आमच्यातल्या कोनाचाच वर झाला नसता."

भागीरथाबाई उठल्या आणि आत गेल्या. आम्ही दाराशी उभे राहिलो. त्यांनी यमीमाच्या कापलेल्या केसांवरून हात फिरवला, चादर सारखी केली, आणि तिच्या पायांशी बसल्या. बशीर भिंतीला टेकून उभा होता. त्याला त्यांनी जवळ बोलावून घेतलं. मग आमच्याकडे पाहिलं.

"काल तिच्यासंगं जे म्हनलं, थे मले आयकू द्या, बापा."

आम्ही रांग धरली. पेटी आज शेषरावनं मातीसाठी म्हणून बरोबर आणली होती. मास्तर सवयीनं पुढे झाले, पेटीशी मांडी घालून बसले आणि भात्याची कडी काढू लागले.

"तुमी नोका," भागीरथाबाई म्हणाल्या. मान न वळवता म्हणाल्या. इतक्या वर्षांनी नवऱ्याशी बोललेले ते दोन शब्द.

मास्तरांचा हात तिथंच राहिला. मग त्यांनी कडी परत लावली, उठले आणि आमच्या रांगेच्या टोकाला येऊन उभे राहिले, नवी पोरं उभी करायचे त्या जागी. आम्ही पेटीशिवायच सुरुवात केली. गाणं शेवटापर्यंत म्हटलं. वरचा सूर कुणीच घेतला नाही. मास्तर आमच्याबरोबर ताठ उभे होते, नजर समोर, आणि त्यांनी तोंड उघडलं नाही. भागीरथाबाईंनी त्यांना म्हणायला सांगितलं नव्हतं.