दरवाज्यावरचं नाव

"मेल्यावरसुद्धा बायकांना नवऱ्याची परवानगी लागायची का?"

अल-हिज्रच्या डोंगरात कोरलेल्या थडग्यांसमोर, अख्ख्या वर्गादेखत तन्वीने हे सहर नावाच्या सौदी गाईडला विचारलं. पैजच तशी होती. यान्बूच्या शाळेतून येताना बसमध्ये अफनान आणि तिच्या मैत्रिणींच्या टोळक्याने तिला डिवचलं होतं, तुझी काही छाती होणार नाही म्हणून. गेल्या वर्षी खरंच झाली नसती.

शाळेच्या बाईंनी डोळे वटारले. सहर मात्र हसली आणि सगळ्यांना एका थडग्यापाशी घेऊन गेली. दरवाज्याच्या वर दगडातच ओळी कोरलेल्या. दोन हजार वर्षांपूर्वी एका बाईने जिवंतपणीच हे थडगं स्वतःसाठी आणि आपल्या मुलींसाठी करून घेतलं होतं. आत कोण येणार तेही तिनेच ठरवलं. परक्या कुणी घुसखोरी केली तर दंड आणि वर देवांचा शाप. पुढे रोमन आले, हा मुलूख त्यांचा प्रांत झाला, त्यांचे सैनिक इथे राहिले, पण दरवाज्यावरचं नाव तिचंच राहिलं. आणखी एका थडग्यात तर खजुरांची माळ सापडली होती, असंही सहरने सांगितलं.

परतताना तन्वी बसच्या खिडकीला टेकून बसली. अफनानने कोपराने ढोसल्यावर तिने सांगितलं. नाशिकची आजी गेली तेव्हा अग्नी दिला आईच्या चुलतभावाने, जयदीपमामाने. आई आजीची एकुलती एक, तरी तिला मागे उभं केलं. आता सुट्टीत वर्षश्राद्ध. मामाने फोनवर कळवून टाकलं होतं: मी बसतो, तुम्ही फक्त वेळेवर या. आई 'बरं' म्हणाली आणि पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत राहिली.

"मग हे घरी बोल ना," अफनान म्हणाली. "की जिभेचा जोर फक्त गाईडपुढे?"

आजीसाठी घेतलेला खजुराचा डबा वर्षभर फ्रीजमध्ये पडून होता. त्याला कुणी हात लावत नसे. घरी आल्या आल्या तन्वीने तो जेवणाच्या टेबलावर उघडला आणि सुईत दोरा ओवला.

बाबा चपापले. आई स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. तन्वीने थडग्याची गोष्ट सांगितली, पहिला खजूर ओवला, दुसरा ओवला. बाबांनी घसा खाकरला. मामाला वाईट वाटेल, गुरुजी तयार होणार नाहीत, असं काहीबाही ते बोलले. आई नुसती त्या माळेकडे बघत राहिली.

"हा हार आजीच्या फोटोला," तन्वी म्हणाली. "गुरुजी नाही म्हणाले तर दुसरे शोधू, नाशकात काही एकच गुरुजी नाहीत. श्राद्धाला आई बसणार. आणि आई, तुझा धीर झाला नाही, तर मी बसणार. मामाला फोन मी करते."