चहाच्या आधीचा विषय

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. वायरचा. डोक्याच्या जाळीला एका बाजूने पोचा आलेला आणि मानेला काळी चिकटपट्टी. त्या पट्टीखाली एक तार अर्धी तुटलेली आहे. त्यामुळे कोणी मला हातात घेतलं की माझा सगळा जीव त्या तारेत गोळा होतो. समोरचा नुसता खाकरला तरी वाटतं, आता मी खरखरणार, आता लोक हसणार. मी जातीचाच भित्रा. पण हे सांगणार कोणाला? मला स्वतःचा आवाज नाही. दुसऱ्याचा आवाज मोठा करायचा, एवढंच माझं काम.

मी घडलो कुठल्याशा कारखान्यात, पण मला माणसांत आणलं ते सैफुद्दीन चाचांनी. वाशीमला त्यांचं मंडप आणि लाऊडस्पीकरचं दुकान होतं. ते मला मऊ फडक्याने पुसायचे आणि वायर गुंडाळताना कधी पीळ पडू द्यायचे नाहीत. त्यांच्याबरोबर मी उर्सातली कव्वाली ऐकली, जयंतीची भाषणं ऐकली, लग्नात रुसलेल्या मामांना बोहल्याजवळ बोलावलं. पोहरादेवीच्या यात्रेत तर हरवलेल्या लेकरांची नावं पुकारायचं काम माझ्याकडे असायचं. भोंग्यातून आपल्या लेकराचं नाव ऐकलं की आई गर्दीतून कशी वाट काढत येते, ते मी तिथे पाहिलं. पायात चप्पल आहे की नाही याचंसुद्धा तिला भान नसतं.

पुढे चाचांनी मला मेडशीच्या रस्त्यावरच्या एका गावाला देऊन टाकलं. तिथल्या ग्रामपंचायतीच्या टेबलावर मी बसलो. आत सभागृहात एक पेटी आणि वर छतावर एक भोंगा, अशा दोन ठिकाणांहून माझा आवाज निघायचा.

ग्रामसभा म्हणजे काय असते ते मला तिथे कळलं. विषयपत्रिका छापलेली असते, विषयांना क्रम दिलेला असतो, पण निम्मी सभा आधी कोणता विषय घ्यायचा यावरच जाते. सोमलाला सोयाबीन खाणाऱ्या रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, बंदोबस्त आधी हवा असतो. हेमसिंगला एसटीचा थांबा आधी हवा असतो. आणि रामधन काका रोज पेपर पाठ करून येतात, त्यामुळे त्यांना आधी अमेरिका हवी असते. परदेशातलं सोयाबीन इकडे आलं तर भावाचं काय होईल, इथून ते सुरू करतात आणि युद्धापर्यंत जाऊन पोहोचतात. मला हातात धरलं की सोडत नाहीत. पण माणूस मनाचा साफ.

पत्रिकेवर सगळ्यात शेवटी एक ओळ असते, ‘ऐनवेळचे विषय’. ज्याला काही नवं मांडायचं असेल त्याने ते तिथे मांडायचं. आता गंमत ऐका. आमच्या गावात चहा येतो तो बरोब्बर या ओळीच्या आधी. असा नियम कुठे लिहिलेला नाही. पण हॉटेलवाल्या नसीमची किटली दारात दिसली की माणसं उठतात, चहा घेतात आणि कप ठेवून तशीच घरी जातात. ऐनवेळचे विषय ऐकायला उरतात त्या सतरंज्या.

असाच एकदा चहा चालू असताना मी चुकून चालू राहिलो. सरपंच इंद्रभान शेजारच्याला हसत म्हणाले, “रामधन काका बोलाले उभे राह्यले का आपन वावरात जाऊन निंदून यावं. परत आलो तरी त्याइचं चालूच असते.” हे भोंग्यातून साऱ्या गावाने ऐकलं, रामधन काकांच्या घरातसुद्धा. अख्खा पावसाळा दोघांत बोलणं नव्हतं. मग इंद्रभानभाऊंनी भोंग्याची वायर उपटली, बिनवायरचा नवा चकचकीत माइक आणला आणि माझी रवानगी कपाटात झाली. तिथे वाळलेले शिक्के होते, मेलेले सेल होते आणि मी होतो. आपण कोणाला नकोसे झालो, हे फार वाईट असतं, मित्रांनो.

यंदा ग्रामसभेच्या सकाळी तो चकचकीत माइक मुका झाला. सेल बदलले, थापट्या मारल्या, तरी हूं की चूं नाही. कोणीतरी चाचांना बोलावलं. थकलेले चाचा एसटीने आले, मला कपाटातून काढलं आणि जाळीवरची धूळ फुंकरीने उडवली. “घबराना मत बेटा,” ते हळूच म्हणाले. मग त्यांनी जोडणी केली. भिंतीवर एक वायर लोंबत होती. लोंबती वायर दिसली की जागच्या जागी बसवायची, ही त्यांची जन्माची सवय. ती त्यांनी बसवली आणि चहा प्यायला नसीमच्या हॉटेलात गेले. भोंगा मुद्दाम बंद ठेवला आहे, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

सभा सुरू झाली. माझा आवाज छतावरून क्षणभर उशिरा परत येत होता. म्हणजे भोंगा चालू होता! खाली पंखे इतके खडखडत होते की कोणाच्या ते ध्यानात आलं नाही. आज पुन्हा कोणाची कोणती गोष्ट बाहेर जाणार या धास्तीने मी अर्धा झालो.

पहिल्यांदा उठली ती अनिसा. ही गावात शिलाईकाम करते. तिची धाकटी लायबा अंगणवाडीत जाते. अंगणवाडी आहे पंचायतीच्याच आवारात, पाण्याच्या जुन्या टाकीला अगदी लागून, आणि टाकीच्या खांबाला आरपार तडा गेला आहे. आदल्या दिवशीच्या महिला ग्रामसभेत अनिसाने अंगणवाडी हलवायचा ठराव करून घेतला होता. आजच्या सभेने तो मान्य करायचा होता. पण पत्रिकेवर त्याला जागा मिळाली ती शेवटच्या ओळीत.

“सरपंच भाऊ, मायी एकच विनंती हाये,” ती म्हणाली. “टाकीचा विषय पह्यले घ्या. लेकरं या घडीले तिथंच बसून हायेत.”

तिच्या तळहाताला घाम सुटला होता. माझ्या तारेलाही.

“मंग रोह्यांचा विषय काहून पह्यले नाई?” सोमला उठला. हेमसिंग उठला. रामधन काकांनी तर मला तिच्या हातातून अलगद काढून घेतलं आणि अमेरिकेला गेले. इंद्रभानभाऊ शेवटी म्हणाले, “पत्रिकेचा क्रम मोडता येत नाई. बाई, तुमी बसा. तुमचा नंबर येईन.”

विषय पुढे सरकू लागले. खिडकीतून मला टाकी दिसत होती. खाली लेकरं गाणं म्हणत होती. टाकीत पाणी चढवायची मोटर सुरू झाली तशी अनिसा चुळबुळू लागली. एकदा खिडकीकडे पाही, एकदा दाराकडे. दारात किटली दिसायच्या आत आपला नंबर यावा, एवढंच तिच्या मनात होतं. मीसुद्धा ज्याला त्याला मनात विनवत होतो, आटपा रे बाबांनो, आटपा.

किटली आली.

लोक उठले, चहा घेतला आणि ओसरले. अनिसाने कप घेतला नाही. ती सरळ टेबलाजवळ आली आणि तिने मला उचललं. ग्रामसेवक रवीभाऊ मान वर करून सतरंजीवर उरलेली माणसं मोजत होते. ठराव करायला ठरावीक माणसं हजर लागतात, तिला गणपूर्ती म्हणतात.

“गणपूर्ती राहिली नाही,” ते म्हणाले. “सभा तहकूब करावी लागेल.”

“म्हनजे पुन्हा कधी?”

“तारीख काढू. नोटीस लावू.”

“आनि तवरोक लेकरं टाकीखालीच?” अनिसाचा आवाज फाटला. “अहो, तडा आता येवढा वाढला का त्यात माया हात जाते! काल मायी लायबा त्यात खडे टाकून खेळत होती. मोटर चालू झाली का खांबातून पानी पाझरून राह्यलं. तुमी कायची वाट पाहून राह्यले?”

इंद्रभानभाऊ वाईट नव्हते. पण तालुक्याच्या परवानगीशिवाय अंगणवाडी हलवली तर बोल आपल्यावर येईल, याची त्यांना भीती होती. मला भीती ओळखू येते. ते पुढे वाकून चुचकारत म्हणाले, “बाई, इतके दिवस बसूनच राह्यले ना लेकरं? झालं का काई? आनखी थोडे दिवस बसतीन.”

ते जाळीच्या अगदी जवळ बोलले. माझी तार थरथरली. आता मी बंद पडलो तर बरं, असं एक क्षण वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, नको, आज नको. मी जीव मुठीत धरून तग धरला. भोंग्याने ते शब्द वस्तीवर नेऊन टाकले, चुलीपाशी, नळापाशी, शिलाईच्या मशिनीपाशी.

मग खिडकीतलं गाणं थांबलं. अंगणवाडीची ताई रूपा दारात उभी राहिली. तिच्या मागे एकमेकांचे हात धरलेली लेकरांची रांग. “मी ऐकलं,” ती म्हणाली. “मी लेकरं परत तिकडं नेत नाई. सांगा, कुठं बसवू?” आणि रिकाम्या सतरंजीवर तिने ती एकेक करून बसवली.

त्यांच्या मागोमाग बायका आल्या. कोणाच्या हाताला पीठ, कोणाचा पदर ओला, कोणी अनवाणी. मी त्यांना ओळखलं. पोहरादेवीच्या गर्दीतून याच धावत यायच्या.

इंद्रभानभाऊंनी वर छताकडे पाहिलं. त्यांच्या ध्यानात सगळं आलं. चेहरा पडला. मला वाटलं, आता हे मला भिंतीवर आपटतील. ते काही बोलण्याआधी मागून रामधन काका अर्धा चहा घेऊन परत आले आणि म्हणाले, “इंद्रभान, तुयी जीभ अन् हा भोंगा! चाल, आता विषय घे. आज मी बोलत नाई, जाय.”

बायकाच काय, लेकरंसुद्धा हसली. इंद्रभानभाऊही ओशाळून हसले. रवीभाऊंनी पुन्हा माणसं मोजली आणि मान डोलावली. आलेल्या बायकांतल्या भागिरथाबाई म्हणाल्या, “आमच्या विहाराचा हॉल दिवसभर मोकळाच असते. आजच बसवा तिथं.” हात वर झाले. लायबाने दोन्ही हात वर केले, ते तेवढे धरले नाहीत.

तेव्हापासून मी पुन्हा टेबलावर आहे. भोंग्याची वायर काढू का, असं चाचांनी जाताना विचारलं होतं. “राहू द्या,” इंद्रभानभाऊ म्हणाले, “मीच जपून बोलतो.” आणि नसीम आता किटली दाराबाहेर ठेवून आधी डोकावतो. “कोनाचं बोलनं राह्यलं का?” असं विचारतो आणि मगच कप मांडतो.

टाकी अजून उभी आहे. ती उतरवायचा विषय पुढच्या सभेत आहे, त्यामुळे माझी काळजी काही मिटलेली नाही. मोटर सुरू झाली की मी अजून खिडकीकडे पाहतो. खाली अंगणवाडीचा ओटा रिकामा दिसला की मगच माझी तार सैल होते.

मित्रांनो, माझ्यासारखा जुना माइक तुमच्याकडे असेल तर त्याची वायर मुडपू नका, जाळीवर टिचक्या मारू नका. आम्हाला लागतं. आणि सभा गावची असो की तुमच्या वर्गाची, चहासाठी उठण्याआधी एकदा मागे वळून पाहा. माझ्याकडे कोणाचा तरी घामेजलेला हात अजून पुढे झालेला असेल.