कोपर

घोरण्याचं तिला काही वाटत नसे. घोरणं थांबलं की मात्र जीव टांगणीला लागायचा. मग ती कोपरानं नवऱ्याला ढोसायची. तो हुंकारायचा, कूस बदलायचा, श्वास पुन्हा सुरू. ती झोपली तरी तिचं कोपर जागं असे. देवाचं नाव आणि नवऱ्याचा श्वास तिनं एकाच माळेत ओवले होते म्हणा ना! "आमची ही काही मला झोपू देत नाही," असं तो चारचौघांत सांगायचा. सगळे खिदळायचे, तीही हसायची.

तो कारखान्यात पत्रा कापायच्या मशीनवर होता. एकदा तिथे डुलकी लागली, बोटं थोडक्यात वाचली. मुकादम म्हणाला, "आजार असेल तर डॉक्टरचा कागद आण, हलकं काम देतो. नाहीतर लोळायला घर आहेच तुझं."

डॉक्टरीणबाईंनी तपासणीचं यंत्र घरी दिलं. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकात नळी. "रोजच्यासारखं झोपा," म्हणाल्या. दोघं रोजच्यासारखीच झोपली.

रिपोर्ट आला: विशेष काही नाही. मुकादमानं तो वाचला आणि त्याला घरी बसवलं.

"अहो, पण यांचा श्वास अडतो!" डॉक्टरीणबाईंपुढे ती रडकुंडीला आली. "मी ढोसते म्हणून बरं, नाहीतर..."

"त्या रात्रीही ढोसलंत?"

"मग काय मरू देऊ?"

बाईंनी कपाळाला हात लावला. "श्वास अडतो का, तेच तर बघायचं होतं. तुम्ही तो अडूच दिला नाहीत."



दुसरी तपासणी दवाखान्यात झाली, तिला बाहेर ठेवून. आजार निघाला, तोही चांगला जबर. कागद घेऊन तो धावत कारखान्यात गेला, तर हलक्या कामावर मुकादमाचा मेहुणा बसलेला.

आता तो नाकाला मास्क लावून झोपतो. मशीन हवा देतं, श्वास तुटत नाही, चेहरा टवटवीत झालाय. चारचौघांत म्हणतो, "हिनं आधी झोप खाल्ली, मग नोकरी." आता कुणी खिदळत नाही.

मशीन आलं त्याच दिवशी त्यानं तिची उशी बाहेरच्या खोलीत टाकली. "तुझं काम संपलं इथलं."

ती तिथेच पडते, देवाचं नाव घेत. डोळ्याला डोळा लागत नाही. लागलाच, तर कोपर आपसूक उठतं आणि भिंतीवर आपटतं.